'मिसप्रिंट' नाणं आणि बट्टा

प्रश्न असा आहे: नागपूरच्या इतवारीत एका विक्रेत्याने १० रुपयांचं नाणं 'मिसप्रिंट' म्हणून दाखवलं. मराठीत याला 'मुद्रणदोष' म्हणावं का? आणि टाकसाळीत झालेली चूक व नंतर झालेली खराबी यांना वेगळे शब्द आहेत का?

आधी ते 'मिसप्रिंट' बंद करा. सीताबर्डीपासून महालापर्यंत जो तो तेच म्हणतो. नोटा छापतात, नाणी पाडतात. 'मुद्रण' मुद्रेवरूनच आलं, मग चालेल की, असं काही विद्वान ऐकवतात. मग 'टंकलेखनदोष'ही चालवा! टंक म्हणजे छिन्नी, छाप, नाणंसुद्धा. टंकशालेची टाकसाळ त्यावरूनच झाली. 'टाकसाळीचा दोष' म्हणा आणि मोकळे व्हा. 'खोटं नाणं' मात्र नको, ते टाकसाळीबाहेरचं.

नंतरच्या खराबीला शब्द ढिगाने: झिजलेलं, ठेचलेलं, कातरलेलं. ओळखायचं कसं? साच्याला तडा गेला की धातू त्या फटीत शिरतो, म्हणून नाण्यावर रेघ उठून येते. ओरखडा खोल असतो आणि त्याच्या काठाला सरकलेला धातू बोटाला लागतो. कडेचा तुकडा नसेल तर बरोबर समोरची कड बघा. छाप बसण्याआधीची कोरी चकतीच अपुरी कापली गेली असेल तर ती कड पुसट उमटते. कानशीने कापलेल्याची समोरची कड ठणठणीत. उलटे, खोलगट सिंह दिसले की टाकसाळीचा दोष समजून लोक हरखतात, पण दोन नाणी पकडीत आवळूनही ते येतात. तेव्हा मूळची अक्षरं खाली चेपून उरलेली दिसतात.

पण खरी गंमत 'बट्टा' या शब्दात आहे, आणि तो कुणी विचारतच नाही. नागपूरकर भोसल्यांच्या काळातला रुपया भिंगाखाली धरा. फारसी अक्षरांवर पुष्कळदा बारीक ठसे ठोकलेले सापडतात. ते सराफांचे, चांदी पारखल्याची खूण. आजच्या संग्राहकाच्या लेखी ही खराबीच! झिजलेल्या, परमुलखातल्या किंवा हलक्या कसाच्या रुपयावर सराफ जी रक्कम कापून घेई, तो बट्टा. बंगालमध्ये तर नवाकोरा सिक्का रुपयासुद्धा साल उलटलं की बट्ट्याला लागे. शेवटी ईस्ट इंडिया कंपनीने नाण्यावर मुघल बादशहा शाह आलमचं १९ वं राज्यवर्षच कायमचं गोठवून टाकलं, पाडलं कधीही असो.

'नावाला बट्टा' इथूनच आला, असं माझं ठाम मत आहे. सिल-बट्ट्यातल्या वरवंट्याशी त्याचं नातं जोडणारे भेटतात. वरवंट्याने नाव ठेचलं जाईल, त्याची किंमत कशी कमी होईल? त्यांनी जरा 'वटाव' बघावा. वटाव म्हणजे हीच कसर, आणि चेक 'वटतो' तोही याच घराण्यातला. व आणि ब यांची अदलाबदल आपल्याकडे नवी नाही. डागाचा अर्थ मागाहून चिकटला. आधी पैसा, मग अब्रू.

हां, तुमचं ते नाणं. सालाखाली खूण नाही म्हणून ते 'मिसप्रिंट' ठरवलं असेल, तर ते कोलकात्याचं आहे. मुंबईची खूण पत्त्यांतल्या चौकटसारखी, हैदराबादची चांदणी, नोएडाचं टिंब. कोलकाता काहीच टाकत नाही. १० रुपयांना वटेल.