जर्मनीत थँक्सगिव्हिंग करतेस? आधी टर्कीचं बघ

अगं, थँक्सगिव्हिंग हा अमेरिकी सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, आणि त्यात लागणारी अख्खी टर्की (कोंबडीपेक्षा मोठा पक्षी) इथे दुकानांत सहज दिसते ती नाताळच्या तोंडावर. म्हणून खाटकाकडे ऑक्टोबरातच सांगून ठेव. 5 किलोच्या आतलीच माग, इथले ओव्हन लहान. गोठवलेली मिळाली तर दर 2 किलोला एक दिवस धरून फ्रीजमध्येच वितळव.

पम्पकिन पायसाठी, म्हणजे भोपळ्याच्या सारणाच्या गोड पायसाठी, डब्यातल्या भोपळ्याच्या मागे लागू नकोस. होक्काइडो, म्हणजे छोटा केशरी भोपळा भाज, सालासकट वाट आणि गर पातळ वाटला तर चक्क्यासारखा फडक्यात बांधून पाणी निथळू दे, नाहीतर पाय मधोमध पातळ राहू शकतो. एका अमेरिकी डब्याऐवजी 425 ग्रॅम गर. इव्हॅपोरेटेड मिल्कच्या जागी इथलं बिनसाखरेचं कोंडेन्समिल्श छान चालतं. टर्कीबरोबरच्या सॉससाठी ताजी क्रॅनबेरी नाहीच मिळाली तर प्राइझलबेरेनचा (क्रॅनबेरीसारख्याच आंबट लाल बेरींचा) जॅम घे. मला तर तोच जास्त आवडतो.