मथळे निळे कधी झाले?

प्रश्न : मी पूर्ण अंध आहे. एम.ए.चा ऐंशी पानांचा लघुप्रबंध एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम) वापरून वर्डमध्ये स्वतः टाइप केला. मार्गदर्शकांनी तो शेरा मारून परत दिला : ‘मथळे निळे का? मध्येच अक्षर बारीक होतं. तिसरं प्रकरण पानाच्या तळाशी सुरू झालंय. कुणा डोळसाकडून नीट करून घ्या.’ मजकुराबद्दल एक शब्द नाही. हे माझं मला करता येईल का?
(एक वाचक, लातूर जिल्हा)

उत्तर : येईल. दोन दिवस लागतील, त्यातला दीड दिवस जुनं उपसण्यात जाईल.

मथळ्यांचं आधी सांगतो, कारण त्यात तुमची चूक नाही. तुम्ही कुठून तरी शिकून कंट्रोल-ऑल्ट-१ दाबलंत, ‘हेडिंग वन’ असं ऐकलंत आणि पुढे गेलात. अगदी बरोबर केलंत. पण वर्डचं हे हेडिंग मुळातूनच निळसर येतं, आणि एनव्हीडीए ते आपणहून बोलत नाही. रंग, फॉन्ट, आकार, ठळक की साधं, यातलं काहीही विचारल्याशिवाय तो सांगत नाही. दर दोन शब्दांनी सांगू लागला तर वाचन होणारच नाही, म्हणून ते बंद ठेवलेलं असतं. विचारायचं असेल तर इन्सर्ट धरून एफ दाबायचं. कर्सर जिथे आहे तिथल्या अक्षराची सगळी कुंडली ऐकू येते. एफ पटकन दोनदा दाबलं तर तीच माहिती वेगळ्या खिडकीत उघडते, बाणांनी सावकाश वाचता येते.

बारीक अक्षरांची गोष्ट मला चांगलीच ठाऊक आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका परिपत्रकाचा मसुदा केला होता. तीन परिच्छेद एका वेबसाइटवरून उचलले, मधले दोन माझे. कानाला सगळं एकसारखं लागलं, एकाच आवाजात, एकाच पट्टीत. प्रिंट साहेबांच्या टेबलावर गेली आणि आतून आवाज आला, ‘अहो, ही काय गोधडी शिवलीय?’ उचललेले परिच्छेद राखाडी, बारीक आणि भलत्याच फॉन्टमध्ये होते. तुमच्या प्रबंधात अवतरणं जिथे जिथे चिकटवली आहेत, तिथेच अक्षर बारीक झालं असणार. पैज लावतो. त्या प्रत्येक ठिकाणी मजकूर निवडा आणि कंट्रोल-स्पेस दाबा, अक्षरांना लागलेला परका रंग आणि आकार गळून पडतो. मग कंट्रोल-क्यू, म्हणजे परिच्छेदाची उसनी मांडणीही जाते. पुढच्या वेळी चिकटवताना कंट्रोल-व्ही नको. कंट्रोल-ऑल्ट-व्ही दाबून यादीतून ‘अनफॉरमॅटेड युनिकोड टेक्स्ट’ घ्या.

तिसरं प्रकरण का घसरलं? तुम्ही दुसरं प्रकरण संपल्यावर नवं पान येईपर्यंत एंटर मारत गेलात. नंतर मागे कुठेतरी चार ओळी वाढल्या आणि सगळं खाली सरकलं. कंट्रोल-खालचा-बाण दाबत त्या जागी जा, ‘ब्लँक, ब्लँक, ब्लँक’ असं ऐकू येईल. ते रिकामे परिच्छेद म्हणजे तुमचे एंटर.

ही खोड आपल्यात कुठून आली ते मला माहीत आहे. मी टंकलेखन शिकलो ते टाइपरायटरवर. मथळा मध्यावर आणायचा म्हणजे गाडी कागदाच्या मध्यावर न्यायची, मनात मथळ्याची अक्षरं मोजायची आणि दर दोन अक्षरांमागे एकदा बॅकस्पेस. मराठीत जोडाक्षर आलं की हिशेब पुन्हा. मला ते इतकं जमायचं की डोळस मुलं माझ्याकडून मथळे करून घ्यायची. संगणकावर आल्यावरही मी कित्येक वर्षं स्पेस मोजत बसलो, आणि ती हुशारीच मला नडली. यंत्र बदललं आणि बोटं जुन्याच यंत्रावर राहिली.

वर्डला जागा मोजून द्यायची नसते. हा मथळा आहे, हा परिच्छेद आहे, हे अवतरण आहे, एवढं सांगायचं असतं. याला स्टाइल म्हणतात. आणि हे काम डोळस माणसापेक्षा आपल्याला सोपं जातं असं माझं मत आहे. तो दिसण्यावर भुलतो. अक्षर मोठं आणि ठळक केलं की त्याला मथळा झाल्यासारखं वाटतं. एनव्हीडीए मात्र खरं हेडिंग असेल तरच ‘हेडिंग’ म्हणतो. तुमचा प्रबंध कुणाकडून ‘नीट करून’ घेतला असता तर त्याने प्रत्येक मथळा हाताने काळा केला असता आणि पुढच्या दुरुस्तीत तुम्ही पुन्हा त्याच्या दारात उभे राहिला असता.

तर असं करा. कुठल्याही मथळ्यावर उभे राहा, कंट्रोल-शिफ्ट-एस दाबा. स्टाइलचं नाव विचारणारी चौकट उघडते, त्यात हेडिंग वन असेल. टॅबने मॉडिफाय बटणावर जा. आतल्या फॉरमॅट बटणात फॉन्ट आहे, तिथे रंग ‘ऑटोमॅटिक’ करा. त्याच फॉरमॅट बटणात पॅराग्राफ आहे, त्याच्या दुसऱ्या टॅबमध्ये ‘पेज ब्रेक बिफोर’ अशी खूण आहे, ती लावा. झालं. सगळ्या प्रकरणांचे मथळे एका दमात काळे झाले आणि प्रत्येक प्रकरण आपापल्या नव्या पानावर गेलं. आता ते ‘ब्लँक’वाले एंटर काढून टाका. मूळ मजकुराच्या नॉर्मल स्टाइललाही याच वाटेने हवा तो आकार आणि दीडपट ओळ-अंतर द्या. नुसता एखादा परिच्छेद बदलायचा असेल तर कंट्रोल-५ ने दीडपट अंतर होतं.

इथे मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक खड्डा आहे, त्यात मी दोनदा पडलोय. फॉन्टच्या डायलॉगमध्ये, म्हणजे कंट्रोल-डीमध्ये, फॉन्ट आणि आकार दोन ठिकाणी असतात. पहिला रकाना रोमन लिपीचा. टॅब मारत पुढे गेलात की ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असं ऐकू येतं, तो देवनागरीचा. पहिल्या रकान्यात १४ लिहून ओके केलं तर इंग्रजी शब्द आणि आकडे १४ चे होतात आणि मराठी जिथल्या तिथे राहतं. देवनागरीचा आकार इन्सर्ट-एफवर विसंबून ठरवू नका, या दुसऱ्या रकान्यातच जाऊन ऐका.

एंटर पुसण्याचा जलद मार्गही आहे. कंट्रोल-एच, ‘फाइंड’मध्ये ^p^p, ‘रिप्लेस’मध्ये ^p, मग रिप्लेस ऑल, आणि शून्य बदल झाले असं ऐकू येईपर्यंत किंवा आकडा हलायचा थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा. आधी फाइलची प्रत ठेवा. आणि कीबोर्ड इंग्रजीवर आणा. इन्स्क्रिप्ट, म्हणजे मराठी कीबोर्ड, चालू राहिला तर त्या चौकटीत ‘त्रज’ उमटतं आणि वर्ड तुमच्या प्रबंधात इमानेइतबारे ‘त्रजत्रज’ शोधत बसतो. मी एकदा पाऊण तास शोधायला लावलं होतं.

शेवटी इन्सर्ट-एफ७ दाबून मथळ्यांची यादी ऐका. सगळी प्रकरणं क्रमाने आली, मध्ये एखादं साधं वाक्य मथळा होऊन बसलेलं नाही, एवढं पाहा. अनुक्रमणिका टाइप केली असेल तर पुसा. ऑल्ट, मग एस, मग टी दाबून उघडलेल्या यादीतला एक नमुना निवडला की वर्ड पानांच्या आकड्यांसकट स्वतः करून देतो. मजकूर हलला की त्या अनुक्रमणिकेवर जाऊन एफ९ दाबायचं, आकडे ताजे होतात.

मार्गदर्शकांना फाइल परत देताना कुणाकडून करून घेतलं ते सांगायची गरज नाही. त्यांनी विचारलं तर सांगा.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या स्मरणिकेचा मजकूर डीटीपीवाल्याने वर्डच्या फाइलमध्ये पाठवला. माझ्या पत्नीला पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतं. माझा स्क्रीन रीडर मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं बरळतो. आवाज बदलून पाहिला, ई-स्पीक या वाचक आवाजाचं मराठी लावून पाहिलं. फरक नाही.
(एक निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : आवाज बिचारा खरं बोलतोय. त्या फाइलमध्ये मराठी नाहीच. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, म्हणजे कृतीदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये, आत रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात, वरून त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. वहिनी मुखवटा बघतात, तुमचा रीडर आतला माणूस बघतो. खात्री करायची तर तो मजकूर निवडून फॉन्ट मंगल करा. वहिनींनाही तीच बरळ दिसू लागेल. नंतर कंट्रोल-झेड करायला विसरू नका, नाहीतर घरात वाद होईल.

फॉन्ट बदलून हे सुटत नाही, मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत असतो त्या पद्धतीत, रूपांतरित करावा लागतो. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, फक्त तो फॉन्ट नेमका कोणता हे डीटीपीवाल्याला विचारा, प्रत्येक फॉन्टची आतली सांकेतिक अक्षरं वेगळी. रूपांतरानंतर दोन गोष्टी कान देऊन तपासा : ऱ्हस्व वेलांटी आणि रफार. जुन्या फॉन्टमध्ये ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर साठवलेला असतो, जसा दिसतो तसा. युनिकोडमध्ये क आधी, वेलांटी मागून. ही अदलाबदल करताना कन्व्हर्टर जोडाक्षरापाशी अडखळतो. ‘शक्ति’, ‘स्थिती’, ‘कर्म’, ‘वर्षा’ असे शब्द आले की उजव्या बाणाने अक्षर-अक्षर ऐका.

पुढच्या अंकाला मात्र मजकूर युनिकोडमध्ये द्या असं आधीच लिहून कळवा. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. ‘छपाईला हाच फॉन्ट लागतो’ असं उत्तर येईल. छपाईला काय हवं ते वापरा, मला वाचायला युनिकोड प्रत द्या, म्हणावं.

प्रश्न : अर्जात डावीकडे ‘ठिकाण’ आणि त्याच ओळीत उजव्या टोकाला ‘आपला विश्वासू’ कसं आणायचं? स्पेस मारून आणते, पण प्रत्येक वेळी बहीण सांगते की वाकडं आलंय.
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर : स्पेस मोजणाऱ्यांच्या पंगतीत आणखी एक पान! ताई, स्पेसची रुंदी फॉन्टप्रमाणे बदलते, तुमचं मोजमाप बरोबर असलं तरी ओळ वाकडी येणारच.

‘ठिकाण :’ लिहा, गावाचं नाव लिहा, एकदाच टॅब दाबा आणि ‘आपला विश्वासू’ लिहा. तुम्ही स्वतः लिहीत असाल तर ‘आपली विश्वासू’, हे बहिणीला दिसलं नाही वाटतं. मग त्याच ओळीवर पॅराग्राफचा डायलॉग उघडा. ऑल्ट, ओ, पी. त्यात टॅब्स बटण आहे. जागा विचारली की 15.9 cm लिहा, अलाइनमेंट राइट निवडा, सेट, ओके. ए-फोर कागद २१ सेंटीमीटरचा, दोन्ही बाजूंना नेहमीचा २.५४ चा समास, उरले १५.९२. समास वेगळा ठेवला असेल तर वजाबाकी बदला. आता ती ओळ उजव्या समासाला चिकटून राहील, फॉन्ट कोणताही असो.

सहीसाठी खाली जागा सोडायला तीन एंटर मारलेत तरी चालेल. अर्ज एका पानाचा आहे, तिथे मी हरकत घेणार नाही.