चार कृषी केंद्रांची यादी एका सॉफ्टवेअरात: सही करण्याआधी

प्रश्न: दारव्ह्याला आमचे मुख्य कृषी केंद्र आहे, शिवाय दिग्रस, आर्णी आणि नेरला दुकाने. दारव्हा-दिग्रस दोघा भावांच्या भागीदारीत, आर्णीचा परवाना वहिनीच्या नावाने, नेरचा मेहुण्याच्या. बिलाचे सॉफ्टवेअर, उधारीच्या वह्या, व्हॉट्सॲपचे ग्रुप असे सगळे विखुरलेले. एका कंपनीने हे एकत्र करून प्रत्येक कास्तकाराचे एकच खाते बनवणारा 'कस्टमर डेटा प्लॅटफॉर्म' देऊ केला, वर्षाला २ लाख ४० हजारांत. मुलाने मेलवर 'ओके, पुढे करा' लिहिले, ५० हजार ॲडव्हान्स पाठवला आणि नमुन्यासाठी अकरा हजार नावांची एक्सेल फाइल दिली. तिच्यात आधारचा रकानाही होता. नंतर ३८ पानांचा, तीन वर्षांचा करार आला. सही करत नाही म्हटले तर कंपनी म्हणते, 'करार मेलवरच झाला.' काय करावे? (एक वाचक, जि. यवतमाळ)

उत्तर: करार मेलवर होऊ शकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-अ मध्ये तसे स्पष्ट आहे, म्हणून 'सही नाही तर करार नाही' या बचावावर विसंबू नका. पाहायचे हे, की मुलाने 'ओके' नेमके कशाला म्हटले. भारतीय करार कायद्याच्या कलम ७ नुसार प्रस्ताव जसा ठेवला तसाच, बिनशर्त स्वीकारावा लागतो. त्या मेलला फक्त दरपत्रक जोडलेले असेल तर तुम्ही दर मान्य केला, एवढेच. तीन वर्षांचे बंधन, मध्येच सोडल्यास उरलेली रक्कम, बाहेरगावचा लवाद या अटी मागून आल्या, त्या अजून कोणी मान्य केलेल्या नाहीत. मात्र दरपत्रकाच्या तळाशी 'संकेतस्थळावरील अटी लागू' अशी ओळ आणि तिथे दुवा असेल, तर तुमची बाजू बरीच कमजोर होते. तो कागद आधी काढून वाचा.

मुलगा भागीदार नाही, हा मुद्दा फार ताणू नका. कंपनीशी सारा व्यवहार तोच करत होता आणि तुम्ही ते पाहत होता, तर करार कायद्याचेच कलम २३७ तुमच्या विरोधात वापरता येईल. लवादाच्या अटीबाबत मात्र पाया पक्का आहे. भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम १९(२) प्रमाणे, तशी व्यापारी रूढी नसेल तर खुद्द भागीदारालाही फर्मचा वाद एकट्याने लवादाकडे नेण्याचा गर्भित अधिकार नसतो. मग मुलाच्या 'ओके'ने ती अट फर्मवर बसवणे सोपे नाही. ग्राहक आयोगाचा विचार सोडा. चार दुकानांसाठी घेतलेली ही सेवा व्यापारी कामाची आहे, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही 'ग्राहक' ठरणे कठीण. ५० हजारांसाठी भांडत बसण्यापेक्षा ते पहिल्या वर्षाच्या रकमेत वळते करून घ्या आणि जोर अटी बदलण्यावर लावा.

पण याहून तातडीची बाब ती एक्सेल फाइल आहे. आजच फर्मच्या मेलवरून कंपनीला लिहा: फाइल आणि तिच्या सर्व प्रती, बॅकअपसह, पुसा, कोणी कोणी उघडली ते कळवा, पुसल्याचे लेखी द्या. आधार क्रमांक ज्या कामासाठी घेतला त्याच कामापुरता वापरायचा असतो. खताच्या पॉस मशीनवर अंगठा दिला किंवा ठिबकच्या अनुदानाला झेरॉक्स दिली, म्हणून जाहिरातीच्या यादीत आधार घालण्याची परवानगी मिळत नाही. तुमच्या स्वतःच्या एक्सेलमधूनही तो रकाना काढा. सातबारा आणि पासबुकाच्या झेरॉक्सही अनुदानाच्या फाइलमध्येच राहू द्या, स्कॅन करून प्लॅटफॉर्मवर चढवू नका.

आता मूळ अडचण. तुमच्या घराच्या हिशेबात दुकाने चार आणि मालक एक. कायद्याच्या हिशेबात मालक तीन: भागीदारी फर्म, वहिनी आणि मेहुणे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, तोच जबाबदार. सॉफ्टवेअर कंपनी त्याच्या सांगण्यावरून काम करणारी फक्त 'प्रोसेसर' असते आणि करारात काहीही लिहिले तरी कलम ८(१) ची जबाबदारी तुमच्यावरून हटत नाही. आर्णीच्या कास्तकाराने नंबर वहिनीच्या दुकानाला दिला. तो दारव्ह्याच्या फर्मने वापरणे म्हणजे माहिती दुसऱ्याला देणे झाले, मग घर एक असो की चुली वेगळ्या. म्हणून प्लॅटफॉर्मवर तीन स्वतंत्र कप्पे मागा. ज्याने संमती दिली त्याचेच खाते एकत्र दिसले पाहिजे. संमतीच्या कागदावर तिन्ही व्यवसायांची नावे लिहा आणि तिघांत आपसात दोन पानांचा करार करा: माहिती कोणाची, वापर कशापुरता, कोणी वेगळे झाले तर काय. भावाभावांत वाटण्या होतात तेव्हा गिऱ्हाइकांच्या यादीवरून तंटा होतो, तोही यातच मिटतो.

वहीत पेनने लिहिलेल्या नोंदींना हा कायदा लागत नाही. त्या संगणकात भरल्या की लागतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. तीन वर्षांच्या तुमच्या कराराच्या मधेच ती तारीख येते, तेव्हा 'अजून वेळ आहे' हे कंपनीचे म्हणणे कामाचे नाही. सुरक्षेत हलगर्जी केल्यास दंड २५० कोटींपर्यंत आहे. आकडा पाहून घाबरू नका, कलम ३३ प्रमाणे चुकीचे गांभीर्य आणि घेतलेली काळजी पाहून तो ठरतो.

सर्वांत जास्त घोळ होतो तो खाती जुळवताना. ही सॉफ्टवेअरे माणूस ओळखतात मोबाइल नंबरवरून. आपल्याकडे एका घरात बापाचे, दोन भावांचे आणि आईचे वावर वेगवेगळे, पण बिलावर नंबर एकच, तोही बहुधा पुण्याला शिकणाऱ्या पोराचा. नंबर जुळला की चौघांची उधारी एका खात्यात जाते. उलट बाजूने, 'गजानन', 'गजाननराव' आणि 'जी. एम.' अशी एकाच माणसाची तीन खाती होतात. मग थोरल्याच्या थकबाकीचा मेसेज धाकट्याला जातो. ही नुसती चूक राहत नाही, कायद्याने माहितीची गळती ठरू शकते. ज्या माहितीवरून माणसाबद्दल निर्णय होतो ती अचूक ठेवण्याची जबाबदारीही कलम ८(३) ने तुमच्यावर टाकली आहे, आणि पुढच्या हंगामात उधार द्यायचे की नाही हा निर्णयच आहे. म्हणून जुळवणीचा नियम लिहून घ्या: नाव, वडिलांचे नाव, गाव आणि नंबर हे चारही जुळले तरच आपोआप जोडणी, बाकीच्यांची यादी दुकानातला माणूस तपासेल, चुकीची जोडणी सोडवता आली पाहिजे. शेवटची सोय आहे का, हे नमुन्यातच करून पाहा, अर्थात खोट्या नावांची फाइल देऊन.

संमती. बिलासाठी दिलेला नंबर बिल आणि उधारीच्या आठवणीपुरता. बियाण्याची जाहिरात पाठवायची तर वेगळी परवानगी हवी, आणि ती घेतल्याचा पुरावा वाद झाला तर तुम्हालाच द्यावा लागेल. मजकूर मराठीत आणि साधा ठेवा: 'माझे नाव, गाव, मोबाइल व खरेदीची नोंद अमुक तीन दुकाने एकत्र ठेवतील. मला पीक-सल्ला व ऑफरचे मेसेज हवेत / नकोत. बंद करण्यासाठी या नंबरवर "बंद" पाठवा.' 'हवेत'वर आधीच खूण करून ठेवू नका. वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवा. तारीख आणि त्या वेळचा मजकूर दोन्ही जपा. हे काम जूनच्या गर्दीत होणार नाही. कापूस-सोयाबीनचा चुकारा घेऊन लोक उधारी फेडायला येतात तेव्हा काउंटरवर उरका. कोणी 'माझे नाव काढा' म्हटले तर जाहिरातीतून लगेच काढा. बिले मात्र ठेवावीच लागतात: जीएसटीच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने.

जाहिरातीच्या एसएमएससाठी ट्रायच्या (दूरसंचार नियामक) २०१८ च्या नियमांनुसार डीएलटी नोंदणी, म्हणजे मेसेज पाठवणाऱ्याची दूरसंचार कंपन्यांकडची नोंदणी, लागते. तुमची नोंदणी आणि हेडर (मेसेजवर दिसणारे पाठवणाऱ्याचे नाव) फर्मच्या नावानेच करा. कंपनीच्या नावाने झाले तर कंपनी सोडताच हेडरही जाईल.

करारात बदल मागाल ते असे. 'उत्पादन सुधारण्यासाठी माहिती वापरू' आणि 'एकत्रित आकडेवारी भागीदारांना देऊ' ही वाक्ये खोडा. कोणत्या गावात कोणते वाण खपते हे बियाणे कंपन्यांना विकायचा रस्ता तिथूनच जातो. माहिती भारतातील सर्व्हरवर असावी, उप-कंत्राटदारांची नावे आधी कळावीत. गळती झाल्यास कंपनीने ४ तासांत कळवावे, कारण सर्ट-इनला (सायबर सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) सायबर घटना कळवायची मुदत ६ तास आहे आणि नव्या नियमांत माहिती संरक्षण मंडळाला सविस्तर माहिती ७२ तासांत द्यायची आहे. नुकसानभरपाईची मर्यादा बारा महिन्यांच्या फीइतकी ठेवली असेल, म्हणजे २ लाख ४० हजार. गळतीच्या बाबतीत ती मर्यादा उठवा, निदान पाचपट करून घ्या. करार संपल्यावर ३० दिवसांत सर्व नोंदी, संमतीच्या तारखांसह, एक्सेलला उघडेल अशा रूपात मिळाव्यात आणि मगच त्यांनी पुसाव्यात. बंधन पहिल्या वर्षापुरतेच असावे, पुढे ६० दिवसांच्या नोटिशीवर सोडता यावे. लवाद नागपूरला, आणि नेमणूक दोघांच्या संमतीने. एकट्या कंपनीने लवाद नेमण्याची अट सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालानंतर टिकत नाही. सही तिन्ही मालकांची, मुलाची नाही. दुकानातल्या पोरांना वेगवेगळे लॉगिन द्या. एकाच पासवर्डवर चार दुकाने चालली तर यादी कोणी नेली हे कधीच सापडणार नाही.

अशा सॉफ्टवेअरात कधी कधी थकबाकीदारांची यादी इतर दुकानदारांना दिसण्याचीही सोय असते. तालुक्यातल्या व्यापाऱ्यांना ती फार आवडेल. पण कोणाची पत किती, कोण उधारी फेडतो, ही माहिती गोळा करून पुरवण्याच्या धंद्याला २००५ च्या पत माहिती कायद्याखाली रिझर्व्ह बँकेची नोंदणी लागते, आणि कास्तकाराने त्यासाठी संमती दिलेली नसतेच. ती सोय बंद ठेवा, आणि बंद आहे असे करारात लिहून घ्या.