जुन्या व्हिडिओ गेमच्या मूळ कॅसेट आणि डिस्क आता कुठे मिळतात?

तुम्ही लिहिलंय की लहानपणीच्या टीव्ही गेमच्या कॅसेटपासून पीएस२पर्यंतचा (सोनीचं प्लेस्टेशन २) संग्रह करायचाय, महिन्याला दीड-दोन हजार खर्चायची तयारी आहे, पण ऑनलाइन दिसतं ते एकतर नकली असतं, नाहीतर किंमत ऐकूनच घाम फुटतो. मी अकरा-बारा वर्षं हाच उद्योग करतोय. घरात त्याला 'भंगार' म्हणतात आणि माळ्यावरची जागा मला अजून भांडून मिळवावी लागते. तेव्हा अनुभवाचं सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. परदेशी यूट्यूबवाले ज्या गेमना दुर्मिळ म्हणतात ते इथे शोधत बसू नका. ते इकडे आलेच नव्हते, तर सापडणार कुठून? निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८३ साली जपानात फॅमिकॉम हे टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन काढलं. आपल्या घरांत नव्वदच्या दशकात जो 'टीव्ही गेम' आला तो बहुतेक ठिकाणी त्या फॅमिकॉमची नक्कल होता, आणि त्याच्या कॅसेटही नकली. पुढे पीएस२ आला तेव्हाही तीच गत. आमच्या ओळखीत ज्याच्या ज्याच्या घरी पीएस२ होता, त्याने तो आधी 'चिप मारून' घेतलेला, म्हणजे नकली डिस्कही चालाव्यात म्हणून आत जास्तीची चिप बसवून, आणि मग शंभर रुपयांत प्लास्टिकच्या पिशवीतल्या डिस्क. खोक्यातला, छापील माहितीपुस्तिकेसकट गेम घेणारा माणूस वेडाच समजला जायचा.

म्हणून आपल्याकडे दुर्मिळ काय, हे उलट्या बाजूने शोधावं लागतं: जे भारतातच बनलं, दुकानात खोक्यासकट विकायला ठेवलं, आणि कुणी घेतलं नाही.

अशा गेमची यादी फार मोठी नाही, हीच त्यातली मजा. 'हनुमान: बॉय वॉरियर' २००९ चा, पीएस२ साठी, हैदराबादच्या अरोना टेक्नॉलॉजीजने केलेला. त्यावरून अमेरिकेत आक्षेपही घेतले गेले होते, देव आपल्या हातातल्या बटणांवर नाचणार म्हणून. त्याच वर्षीचा 'देसी अड्डा', गेमशास्त्रचा, हेही हैदराबादचेच. त्यात विटीदांडू, कबड्डी, पतंग. मुंबईच्या ट्राइन गेम्सचा 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' २०१० चा आणि त्यांचाच 'रा.वन' २०११ चा. 'डॉन २' चा गेम तर २०१३ साली पीएस२ वर आला, सोनीने पीएस२ बनवणं थांबवल्यानंतर! गेम म्हणून यातले बरेचसे सुमार आहेत, खोटं कशाला बोलू. हनुमानची गदा चालवताना तर आपणच दमतो. पण संग्रह आणि खेळ या वेगळ्या गोष्टी आहेत.

हे सापडतात कुठे? मला 'देसी अड्डा' कराडला सापडला. लग्नाला गेलो होतो, जेवणाला वेळ होता, म्हणून बाजारपेठेत भटकत होतो. एक दुकान दिसलं, पाटीवर अजून 'कॅसेट व सीडी सेंटर', आत मात्र सगळी मोबाइलची कव्हरं आणि चार्जर. काकांना विचारलं, "जुन्या सीडींचा माल काही शिल्लक आहे का?" त्यांनी स्टूल लावून वरच्या फळीकडे बोट दाखवलं, म्हणाले, "तुम्हीच चढा, माझे गुडघे गेलेत." वर नाटकांच्या व्हीसीडी, अभंगांच्या सीडी, आणि त्यांच्या मागे, भिंतीला चिकटून, तीन 'देसी अड्डा', प्लास्टिकचं वेष्टनही न फुटलेले. धुळीचा थर इतका की पहिल्यांदा नाव वाचता आलं नाही. किंमत विचारली तर काकांनी चष्मा लावून मागची छापील किंमत वाचली. तेवढीच घेणार, एक रुपया कमी नाही. मी खूश होऊन थोडे जास्त देऊ केले तर रागावले, "छापील किमतीच्या वर घेत नाही आपण." तिन्ही घेतले. दोन पुढे देवाणघेवाणीत गेले.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली. मोठ्या शहरातली झगमगीत दुकानं सोडायची. तालुक्याच्या गावचं जुनं सीडीचं दुकान, बंद पडलेला सायबर कॅफे, टीव्ही-टेपरेकॉर्डर दुरुस्तीवाले, इथे जायचं. आणि 'व्हिडिओ गेम आहे का' असं कधीच विचारायचं नाही. लोक हातातला मोबाइल दाखवतात किंवा सरळ 'नाही' म्हणतात. "कंपनीला परत न गेलेला जुना माल आहे का?" असं विचारा. सायबर कॅफेवाल्याला "जुन्या डिस्कचा खोका टाकून दिला की आहे?" हे विचारा. बहुतेकांनी टाकून दिलेला असतो. दहातला एक म्हणतो, "घरी आहे बघा."

पुण्यात असाल तर जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत चोरबाजारच्या गल्ल्यांत शुक्रवारी पहाटे जो बाजार लागतो तो बघा. उजाडल्यावर गेलात तर चांगलं सगळं उचललेलं असतं. तिथल्याच लॅमिंग्टन रोडला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, वस्तू कमी आणि माणसं जास्त कामाची: कोण दुरुस्त करतो, कुणाकडे मेलेल्या मशीनचा ढीग आहे, हे तिथे कळतं. ऑनलाइनचं म्हणाल तर ईबेचं भारतातलं संकेतस्थळ २०१८ ला बंद झालं, त्यानंतर उरलं ते ओळखीपाळखी आणि जुन्या वस्तूंच्या जाहिराती. एका ऑनलाइन विक्रेत्याने मला 'सीलपॅक' म्हणून पाठवलेली पीएस२ डिस्क उघडली तर आत जांभळट-हिरवट झाक असलेली, घरी कॉपी केलेली निघाली. वेष्टन त्याने गरम हवेने स्वतः चढवलेलं. पैसे गेले ते गेलेच. आता मी डिस्कच्या मागच्या बाजूचा उजेडात काढलेला फोटो आल्याशिवाय व्यवहार करत नाही. कारखान्यात छापलेली डीव्हीडी चंदेरी असते, पीएस२ चे सीडीवरचे गेम खालून निळे असतात, आणि पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क खालून काळ्या. कॉपी केलेल्या डिस्कवर माहिती जिथे संपते तिथे रंग बदललेला गोल पट्टा दिसतो.

आता कॅसेटबद्दल, कारण तुमचा खरा जीव तिथेच अडकलेला दिसतोय.

जुन्या बाजारात एकदा पिवळ्या कॅसेटचा ढीग होता, वर 'कॉन्ट्रा' या गोळीबाराच्या गेमचं चित्र आणि '९९९९९९ इन १'. खिशात पेचकस असतोच. विक्रेत्याला विचारून एक उघडली. आतलं अर्धं कवच रिकामं, मध्ये बिस्किटाएवढं हिरवं सर्किट आणि त्यावर डांबराचा थेंब पडावा तसा काळा गोळा. चिप त्या गोळ्याखाली. नकली कॅसेटची ही सर्वात सोपी ओळख. आणि ते नऊ लाख नव्याण्णव हजार गेम म्हणजे पाच-सात गेमच, कुठे तिसऱ्या लेव्हलपासून सुरू, कुठे जास्तीचे जीव. मी तरी अशा कॅसेट टाकत नाही. आपलं बालपण याच गोळ्यावर चाललं होतं, तेव्हा संग्रहात तीही हवीच. फक्त मूळच्या भावाने घेऊ नका. मी वीस-तीस रुपयांच्या वर जात नाही.

मूळ हवी असेल तर आपल्याला एक फायदा आहे जो फार कुणी सांगत नाही. जपानी फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना असतात, आणि आपल्याकडच्या नकली टीव्ही गेमची खाचही तीच. म्हणजे खरी जपानी कॅसेट सरळ बसते. निन्टेन्डोच्या अमेरिकी मशीनच्या करड्या कॅसेटला ७२ पिना, ती बसणार नाही. माझा मावसभाऊ टोकियोत नोकरीला आहे. तिकडे 'हार्ड ऑफ' नावाच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत 'जंक' लिहिलेली खोकी असतात, त्यात साध्या कॅसेट शंभर-दोनशे येनला सुट्ट्या मिळतात. तो दिवाळीला येताना दहा-बारा आणतो. पार्सलने मागवल्या तर टपालखर्च आणि सीमाशुल्क कॅसेटपेक्षा महाग पडतं, म्हणून येणारा-जाणारा माणूस गाठा. निन्टेन्डोच्या मूळ जपानी कॅसेटचं कवच स्क्रूविना, खटक्यावर बसलेलं असतं, हेही लक्षात ठेवा.

मावसभावानेच आणलेली 'कॉन्ट्रा' ची १९८८ ची, कोनामी या मूळ कंपनीची जपानी कॅसेट मी माझ्या जुन्या मशीनमध्ये घातली (ती मात्र शंभर येनला नव्हती मिळाली, त्याने मला अजून खरी किंमत सांगितलेली नाही). पहिली लेव्हल सुरू झाली आणि मागची ताडाची झाडं हलायला लागली. मला वाटलं मशीन बिघडलं. अमेरिकी आवृत्तीत झाडं स्थिर आहेत आणि मी लहानपणी खेळलो ती तीच. जपानी कॅसेटमध्ये कोनामीची वेगळी चिप आहे, म्हणून तिथे झाडं डुलतात, लेव्हलच्या मध्ये नकाशाही येतो. पंचवीस वर्षं पाठ असलेला गेम, आणि मी नुसता उभा राहून झाडं बघत होतो.

चालू होत नसेल तर फुंकर मारू नका, हे माहीत असूनही आपण सगळे मारतो. तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात. कानातल्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, वाळू द्या, मग घाला. गेमबॉयच्या (निन्टेन्डोचं हातात धरून खेळायचं मशीन) पोकेमॉन कॅसेट घेताना मात्र दहादा विचार करा, बाजारात बहुतेक नकलीच आहेत. गेमबॉय ॲडव्हान्सच्या खऱ्या कॅसेटमध्ये खालच्या फटीतून बघितलं तर सर्किटवर 'निन्टेन्डो' छापलेलं दिसतं.

पावसाळ्यात खोकी भिंतीला टेकवू नका. माझ्या 'स्ट्रीट क्रिकेट' च्या पुस्तिकेला बुरशी लागली ती तशीच आहे. 'डॉन २' अजून माझ्याकडे नाही. तुम्हाला कुठे दोन सापडले तर एक माझ्यासाठी उचला, बदल्यात 'देसी अड्डा' चा सीलपॅक देतो.