आपत्कालीन विभाग टाळू नका, रुग्णालय पारखून घ्या

आपले पत्र मिळाले. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आपल्या मुलीला आपत्कालीन विभागातच काम करायचे आहे आणि तिथल्या शिवीगाळीच्या व मारहाणीच्या बातम्या वाचून तिला या वाटेवरून परत फिरवावे का, असे आपण विचारले आहे. आपली भीती रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार ८ ते ३८ टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांना नोकरीच्या काळात कधी ना कधी शारीरिक हिंसेला तोंड द्यावे लागते. धमक्या आणि अर्वाच्य बोलणे तर त्याहून कितीतरी अधिक. तरीही तिने विभाग बदलू नये, रुग्णालय मात्र पारखून निवडावे, असे माझे ठाम मत आहे.

या विभागात ट्रायाज होतो, म्हणजे आधी कोण आले यावरून नव्हे, तर कोणाची प्रकृती अधिक गंभीर आहे यावरून क्रम ठरतो. ही गोष्ट ज्या नातेवाइकाला कोणी सांगितलेलीच नसते, त्याला आपल्या मागून आलेला रुग्ण आधी आत गेलेला दिसतो आणि त्याचा तोल सुटतो. अशा वेळी ‘शांत बसा’ म्हटल्याने भडकाच उडतो; उलट ‘तुमच्या वडिलांचा रक्तदाब मी आत्ताच तपासला आहे, अर्ध्या तासाने पुन्हा पाहीन, मध्येच दुखणे वाढले तर मला लगेच हाक मारा’ असे सांगितले, तर बहुतेक माणसे थांबायला तयार होतात. असे बोलणे सरावाने जमते. रोखून पाहणे, चढलेला आवाज, पुटपुटणे, येरझाऱ्या या खुणा ओळखणे, बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवून उभे राहणे आणि वेळीच सहकाऱ्याला बोलावणे, हेही शिकता येते.

मात्र नशेत असलेल्या किंवा रक्तातील साखर उतरून भ्रमिष्ट झालेल्या रुग्णापुढे गोड बोलणे अपुरे पडते, आणि तिथे जबाबदारी संस्थेची असते. म्हणून मुलाखतीत तिने निःसंकोच विचारावे: रात्रपाळीला सुरक्षारक्षक विभागातच असतो का, धोक्याची घंटा कुठे आहे, घटनेची लेखी नोंद कोण घेते आणि त्यावर पुढे काय होते? ‘आमच्याकडे असे काही घडतच नाही’ हे उत्तर मला सर्वांत चिंताजनक वाटते, कारण त्याचा अर्थ बहुधा नोंदच होत नाही, असा असतो.

उद्या असा प्रसंग आलाच, तर ‘तू त्याला काय बोललीस?’ असे कृपया विचारू नका. तिला लागले आहे का, वैद्यकीय तपासणी झाली का आणि लेखी तक्रार दिली का, हे विचारा; झोप उडाली किंवा कामावर जाण्याची धास्ती काही आठवडे टिकली, तर समुपदेशकाकडे जायला तिला साथ द्या.