वाचकांचे प्रश्न : शाळा, पालक आणि वस्ती

शहरातल्या प्राथमिक शाळांनी पालकांपर्यंत आणि वस्तीपर्यंत कसं पोचावं, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत.

प्रश्न : पर्वती पायथ्याच्या एका शाळेत माझ्याकडे तिसरीचा वर्ग आहे. पट ३८. पालकसभा शनिवारी सकाळी दहाला असते. चिठ्ठ्या देते, ग्रुपवर टाकते, तरी सहा-सात आया येतात, त्याही नेहमीच्याच. बाकीच्यांना मुलांचं काही पडलेलं नाही, असंच समजायचं का?
— एक शिक्षिका

उत्तर : नाही ताई, तसं समजू नका. आधी त्यांचं घड्याळ बघा. सहकारनगर, बिबवेवाडीच्या सोसायट्यांत धुणीभांडी आणि पोळ्या करणारी बाई सकाळी साडेसातला घर सोडते, दीड-दोनला परतते आणि चारला दुसऱ्या खेपेला निघते. शनिवारी दहा वाजता ती कुणाच्या तरी ओट्याशी उभी असते. सभेसाठी खाडा करायचा तर चार घरी चार फोन करावे लागतात, शिवाय महिन्याच्या सुट्ट्यांतली एक जाते. बिगारी वडील सकाळी मजूर अड्ड्यावर वेळेत पोचले नाहीत तर दिवसाची हजेरी बुडते. दहाची वेळ शाळेच्या सोयीची आहे, पालकांच्या नाही.

दुपारी अडीच ते साडेतीन किंवा संध्याकाळी साडेसातनंतर, या दोनच वेळा बहुतेक वस्त्यांत जमतात. गुरुवार-शुक्रवार टाळा. पुण्यात पाण्याच्या लाइनची दुरुस्ती बहुधा गुरुवारी काढतात आणि शुक्रवारी पाणी उशिरा, कमी दाबाने येतं. हंडे भरायचे सोडून कोणी सभेला येणार नाही, आणि येऊही नये.

पुढचं पाऊल म्हणजे ३८ पालकांची एक सभा न घेता गल्लीप्रमाणे चार गट करणं. नऊ-दहा जणी असल्या की बोलतात. तीस असल्या की दोघी बोलतात आणि बाकीच्या पदर सावरत बसतात. जागा वस्तीतलीच घ्या: समाजमंदिर, अंगणवाडी, मंडळाची खोली. वेळ ४० मिनिटं. पहिली दहा मिनिटं मुलांनी आपापली वही आईला दाखवायची, पुढची वीस मिनिटं एखादा खेळ किंवा वाचन पालकांसोबत करायचं, शेवटची दहा त्यांच्या प्रश्नांसाठी. कोणत्याही मुलाचे गुण किंवा तक्रार सर्वांसमोर काढायची नाही. एकदा काढलीत की ती आई वर्षभर येत नाही. लहान भावंडं सोबत येणारच, त्यांच्यासाठी एक सतरंजी, खडू-पाट्या आणि एक मोठी मुलगी ठेवा.

निरोपाचंही बघा. चिठ्ठी दप्तराच्या तळाशी राहते. ग्रुपवरचा लांब मजकूर ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी नसल्यासारखाच. अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप पाठवा: नाव, दिवस, वेळ, जागा, आणि किती वेळात सुटेल ते. एक निरोप आदल्या संध्याकाळी आणि एक त्याच दिवशी. ज्या गल्लीतली सभा आहे तिथल्याच एका आईने तो बोलून पाठवला तर आणखी बरं. फोन बहुधा वडिलांकडे असतो आणि रिचार्ज संपला की येणारे कॉलही बंद होतात, म्हणून नंबरांची यादी जूनमध्ये, दिवाळीनंतर आणि पुन्हा फेब्रुवारीत तपासा. नंबरासमोर एक रकाना वाढवा: हा फोन कोणाकडे, किती वाजता असतो?

सर्वांत मोठी चूक म्हणजे सभेत कागद गोळा करणं. आधार, पासबुक, सही, अंगठा. शाळेतलं बोलावणं म्हणजे कागद किंवा तक्रार, हे एकदा मनात बसलं की आई आजीला पाठवते. गणवेशाची रक्कम खात्यावर यायला कागद लागतात हे खरं, पण त्यासाठी वेगळा दिवस ठेवा.

शेवटचं मुख्याध्यापकांसाठी. संध्याकाळची सभा घेणाऱ्या शिक्षिकेला दुसऱ्या दिवशी तेवढा वेळ लवकर सोडा. नाहीतर हा उपक्रम दोन फेऱ्यांत बंद पडतो आणि त्यात तिचा दोष नसतो.

प्रश्न : समाजकार्याचं शिक्षण घेऊन येरवड्यातल्या शाळांसाठी घरभेटी करायला लागलो आहे. दारात उभं राहिलं की लोक गडबडतात. कुणी आत निघून जातं, कुणी 'उद्यापासून पाठवतो' म्हणतं आणि मूल येत नाही. काय चुकतंय?
— एक कार्यकर्ता

उत्तर : बहुधा तुमची पहिली भेटच गैरहजेरीची आहे. गैरहजर मुलांच्याच घरी जात राहिलात तर गल्लीला आठवड्यात कळतं की 'शाळेचा माणूस' ज्याच्या दारात, त्याचं काहीतरी बिनसलंय. अमेरिकेत सॅक्रामेंटो शहरात १९९८ साली पालक आणि शिक्षकांनी मिळून घरभेटीची एक पद्धत सुरू केली. तिचे नियम इथेही उपयोगी पडतात: भेट आधी विचारून, दोघांनी मिळून, ठरावीक मुलं न निवडता, आणि बोलणं आईबापांच्या मुलाबद्दलच्या आशेवर. जून-जुलैत सगळ्या पटाच्या घरी एकदा जाऊन या. मग ऑगस्टमध्ये गैरहजेरीसाठी गेलात तरी तुम्ही ओळखीचे असता.

दोघं जा, त्यातली एक बाई असावी. ती आशाताई, अंगणवाडी सेविका किंवा महापालिकेची समूह संघटिका असली तर दार लवकर उघडतं. वेळ २०-२५ मिनिटं. चपला बाहेर. जिथे बसा म्हणतील तिथे बसा. पाणी दिलं तर प्या. फाइल पिशवीतच राहू द्या.

दहा बाय दहाच्या खोलीत खिळ्याला एक प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली दिसेल. रेशनकार्ड, मुलांची लसीकरणाची कार्डं, जन्मदाखला, विजेचं बिल, घरातला प्रत्येक सरकारी कागद त्या पिशवीत असतो. तुम्ही बसताच आई उठून ती काढायला लागली, तर समजा की तिला तुम्ही तपासायला आलात असं वाटतंय. 'पिशवी राहू दे ताई, आज कागदाचं काम नाही,' एवढं म्हणा आणि खरंच कागद मागू नका. भेटीचा सूर तिथे बदलतो.

विचारायचं काय? 'घरी आल्यावर शाळेतलं काय सांगतो?' 'कशात रमतो?' 'तुम्हाला काय वाटतं, यानं काय शिकावं?' 'शाळेनं काय करू नये?' शेवटच्या प्रश्नाला थोडं थांबा, उत्तर उशिरा येतं. जात, उत्पन्न, नवरा काय करतो, हे पहिल्या भेटीत नको. 'का पाठवत नाही?' हा प्रश्नच टाकून द्या. त्याऐवजी 'सकाळी निघताना काय अडतं?' असं विचारा, मग खरं कारण कळतं. महाराष्ट्रात चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवायचे नाहीत, हा २०२४चा निर्णय लहान मुलांच्या झोपेसाठी चांगलाच आहे. पण आई साडेसातला गेली की दुसरीतलं मूल दीड तास घरी एकटं राहतं, टीव्ही लावतं आणि शाळेची वेळ निघून जाते. यावर उपाय समुपदेशनाचा नाही. शेजारच्या गल्लीतल्या पाचवीतल्या मुलीनं हाक मारून त्याला सोबत न्यायचं, आणि दोन्ही आयांनी ते आपसांत ठरवायचं.

टिपण घरात बसून लिहू नका. गल्लीबाहेर आल्यावर चार ओळी लिहा: काय कळलं, आपण काय कबूल केलं, ते कोण कधीपर्यंत करणार, पुढची भेट कधी. 'बघतो' हा शब्द वापरू नका. दाखला काढून देणं तुमच्या हातात नसेल तर तसं स्पष्ट सांगा आणि कुठे, कोणत्या वेळी जायचं ते सांगा. अपुरं राहिलेलं एक आश्वासन दहा भेटी वाया घालवतं.

वरिष्ठ जीपीएस फोटो मागतात, त्यासाठी गल्लीच्या तोंडाशी दोघांचा फोटो काढा. पसारा, चूल, उघडं मूल यांचे फोटो अहवालात घालणं आम्हाला अजिबात मान्य नाही. घरात कोणी प्यायलेलं असेल तर दोन मिनिटांत निरोप घ्या. मुलावर अत्याचार होत असल्याची शंका आली तर तिथे उलटतपासणी करू नका; १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवा. लैंगिक अत्याचार असेल तर पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे.

प्रश्न : वाघोलीत आमच्या सोसायटीशेजारी मोठं बांधकाम चालू आहे. पंधरा-वीस मुलं दिवसभर वाळूत खेळतात. वडील म्हणतात, कागद नाहीत आणि चार महिन्यांनी दुसऱ्या साइटवर जायचंय. शाळा घेईल का? आम्ही काय करू शकतो?
— एक रहिवासी

उत्तर : घ्यावंच लागेल. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने वयाचा पुरावा नाही म्हणून ६ ते १४ वयाच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, वर्षाच्या मध्ये आलं म्हणूनही नाही, आणि आधीच्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणूनही नाही. मूल नऊ वर्षांचं असेल आणि कधीच शाळेत गेलं नसेल तर त्याला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यायचं, पहिलीत नाही. शाळेत अडवलं तर हे शांतपणे, मुख्याध्यापकांच्या खोलीत सांगा. बहुतेक वेळा नवीन शिक्षकाला माहीत नसतं इतकंच.

कायद्यापेक्षा रस्ता जास्त अडवतो. म्हणून क्रम असा ठेवा. आधी ठेकेदार आणि साइट इंजिनिअरला भेटून आत जायची परवानगी घ्या. मग संध्याकाळी सातनंतर, स्वयंपाक चालू असताना, खोल्यांवरून फिरून मुलं मोजा: नाव, अंदाजे वय, भाषा, आधीची शाळा, गावाचं नाव. खर्ची (मजुरांना खर्चासाठी मिळणारी उचल) मिळते त्या दिवशी जाऊ नका, सगळे बाजारात असतात. यादी घेऊन जवळच्या शाळेत जा. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असणं अपेक्षित आहे. पण मधे डंपर धावणारा रस्ता असेल तर एक किलोमीटरही फार होतो. सोसायटीतल्या दोघा-तिघांनी वार वाटून घेऊन सकाळी मुलांना रस्ता ओलांडून द्यायचा, ही खरी मदत. खाऊ वाटण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचं.

आठ-नऊ वर्षांच्या मुली यादीत असूनही येत नाहीत, कारण कडेवर भाऊ असतो. बांधकाम कामगारांच्या १९९६च्या कायद्यानुसार ५०पेक्षा जास्त स्त्री कामगार असलेल्या साइटवर पाळणाघर लागतं. कमी असल्या तरी ठेकेदाराकडे एक खोली आणि एक दाई मागून बघा. पुण्यात डोअर स्टेप स्कूल ही संस्था अशा मुलांसाठी दीर्घकाळ काम करते आहे. सुरुवातीलाच त्यांच्याशी बोला.

मुलं बंजारा, कन्नड, छत्तीसगढी बोलणारी असतील. पहिले दोन आठवडे त्यांच्या बोलीचं मूल शेजारी बसवायला शिक्षकांना सुचवा. आणि साइट बदलायच्या आधी शिक्षण हमी पत्रक करून घ्या, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या मुलाला पुढच्या शाळेत दाखवायला शाळेनं दिलेला कागद. दिवाळी, छठ आणि होळीच्या आसपास कुटुंबं एका रात्रीत निघतात, मग मुलाचा माग राहत नाही. ते पत्रक आणि शाळेचा फोन नंबर आईकडे द्या, तिच्या त्या पिशवीत.

प्रश्न : मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे, मुलगी दुसरीत. बैठकीला बोलावतात, चहा होतो, रजिस्टरवर सही घेतात. आम्ही बोलायचं कधी?
— एक आई

उत्तर : ताई, समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. मुख्याध्यापक तुमचे सचिव आहेत, साहेब नव्हेत. पहिली मागणी एकच करा: विषय तीन दिवस आधी कळवा. दुसरी: सहीआधी इतिवृत्त मोठ्याने वाचा. वाचलेल्या शेवटच्या ओळीखाली कोरी जागा असेल तर तिथे आडवी रेघ मारून मगच सही करा. भांडणाची गरज नाही, कोणत्याही रजिस्टरची हीच पद्धत असते.

दर महिन्याला दोन गोष्टी बघा. पटावर किती आणि आज हजर किती, हे वर्गात जाऊन मोजा. मग पोषण आहार: पहिली ते पाचवीला प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, असं प्रमाण आहे. शिजवायच्या आधी धान्य तुमच्यासमोर मोजायला सांगा आणि खिचडी खाऊन बघा. स्वच्छतागृहाच्या कडीसारखं एखादं छोटं काम पहिल्या बैठकीत मांडून पूर्ण करून घ्या. ते झालेलं दिसलं की इतर आयाही तोंड उघडतात.

प्रश्न : आमच्याकडच्या बऱ्याच आया शिकलेल्या नाहीत. घरी अभ्यास कसा घ्यायला सांगू?
— पहिलीची शिक्षिका

उत्तर : अभ्यास घ्यायला सांगूच नका, बोलायला सांगा. 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारीच्या उपक्रमातल्या माता गटांतही कल्पना हीच आहे: पाच-सहा आया, आठवड्यातून एकदा, एखादी सोपी कृती. पोळ्या किती, ताटं किती, एक जास्त कुठली ते मुलानं सांगायचं. कांदे-बटाटे वेगळे करून मोजायचे. टेकडीवरच्या घराच्या पायऱ्या चढताना मोजायच्या आणि उतरताना उलट मोजायच्या. रात्री मुलानं शाळेतली गोष्ट सांगायची आणि आईनं मधेच 'मग?' विचारायचं. ज्या घरात गोरमाटी (बंजारा बोली) किंवा कन्नड बोलतात तिथे हे त्याच बोलीत चालू द्या, मराठी वर्गात येईल. सोमवारी मुलाला विचारा, 'आईला काय सांगितलंस?' आणि जे सांगेल ते त्याच्यासमोर फळ्यावर लिहा.