वाचकांचे प्रश्न : लोडरला बर्फ सारायचे पाते

प्रश्न : इंदुरात सांवेर रोडवर आमचा फॅब्रिकेशनचा लहानसा कारखाना आहे. ट्रॅक्टरच्या फ्रंट लोडरसाठी आम्ही बकेट आणि शेणखत उचलण्याचे काटे तयार करतो. कुल्लूकडच्या एका सफरचंद-बागायतदाराने ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरसाठी बर्फ सारण्याचे पाते मागितले आहे. बागेपर्यंतचा रस्ता कच्चा आणि चढाचा आहे. १० मिलिमीटर प्लेटचे ८ फूट रुंद पाते करून ते बकेटच्या पिनांवरच सरळ बसवावे, असा विचार आहे. तो योग्य आहे का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : आपला सारा भर पात्याच्या मजबुतीवर आहे; पण या कामात आधी मोडतो तो लोडर. लोडरचे आर्म माल उचलण्यासाठी केलेले असतात आणि वरून येणारे वजन ते सहज पेलतात. मात्र पात्याचे एक टोक बर्फाखाली दडलेल्या दगडावर आदळले, की धक्का एकाच आर्मवर येतो आणि सगळा सांगाडा पिळवटतो. असा लोडर तपासताना दोन्ही आर्मना जोडणाऱ्या आडव्या पाइपाचे वेल्ड नीट पाहावे. तिथे रंगावर केसाएवढी तांबूस रेघ दिसली, तर तडा सुरू झालेला आहे असे समजावे. आपले १० मिलिमीटरचे ताठ पाते वाकणार नाही, आणि म्हणूनच प्रत्येक धक्का लोडरला सोसावा लागेल.

त्यामुळे पिनांवर आधी चॅनेलची (पन्हाळीसारख्या आकाराच्या लोखंडी पट्टीची) चौकट बसवावी. पाते या चौकटीला, त्याच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात, बिजागरीने जोडावे आणि वरची कड दोन दणकट स्प्रिंगांनी मागे ओढून धरावी. दगड लागला की खालची धार मागे सरते, वरचा भाग पुढे झुकतो आणि पाते अडथळ्यावरून निघून जाते. अशा रचनेत ६ मिलिमीटरचा, रोलवर गोलाई दिलेला आणि मागून उभ्या पट्ट्यांनी आधारलेला पत्रा पुरतो. धार मात्र वेगळ्या कठीण पट्टीची, बोल्टने बसवलेली असावी, कारण ती झिजते आणि बदलावी लागते. रस्ता कच्चा असल्याने दोन्ही टोकांना स्किड शू, म्हणजे जमिनीवर घसरत जाणारी बुडे, लावून धार जमिनीपासून इंचभर वर ठेवावी. नाही तर बर्फाबरोबर रस्त्याची खडीही निघून येईल.

रुंदी ७ फूट पुरेशी आहे. पाते ३० अंश तिरके केले तरी ते ६ फुटांहून किंचित अधिक वाट साफ करते. ट्रॅक्टरच्या चाकांची बाहेरची रुंदी मोजून खात्री करावी. तिरके चालवणे अगत्याचे आहे, कारण ओल्या बर्फाचे वजन घनमीटरला ४०० किलोपर्यंत जाते. एक फूट जाडीच्या अशा थरात, ७ फूट रुंदीच्या वाटेवर १० मीटर पुढे गेले, तर सरळ पात्यापुढे सुमारे अडीच टन बर्फ साचतो, आणि ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन टनांच्या आसपास असते. तिरकेपणा राखणाऱ्या दांडीला साधा बोल्टच लावावा. लोहामंडीत हाय-टेन्साइल (जास्त ताण सोसणारा) बोल्ट हाताशी मिळतो, म्हणून तो घालण्याचा मोह आवरावा. मोठा धक्का बसताच हा बोल्ट तुटायलाच हवा.

ग्राहकाला पहिला प्रश्न लोडरच्या व्हॉल्व्हबद्दल विचारा : त्याला फ्लोट आहे का? फ्लोटमध्ये सिलिंडरच्या दोन्ही बाजूंचे तेल मोकळे होते आणि पाते जमिनीच्या चढउतारानुसार आपोआप वरखाली होते. केवळ माल भरण्यासाठी केलेल्या लोडरमध्ये ही सोय नसू शकते. मग चालक पाते दाबतो, पुढची चाके उचलली जातात आणि स्टिअरिंग निकामी होते. घाटातल्या वाटेवर हा जिवाशी खेळ आहे. फ्लोट नसेल, तर व्हॉल्व्ह बदलावा. किंवा पाते आणि चौकट यांच्या जोडात तीन-चार इंच उभे लांबट भोक ठेवावे, म्हणजे पाते स्वतःच वरखाली होईल. मागे वजन आणि मागच्या चाकांना साखळ्या लागतीलच. हे ग्राहकाला लेखी कळवावे.

पाठवण्यापूर्वी कारखान्याच्या आवारात एक जाड लाकडी ओंडका तीन इंच वर राहील असा पक्का रोवावा आणि पहिल्या गिअरमध्ये, अगदी सावकाश, पाते त्याच्यावर न्यावे. पाते झुकून ओंडक्यावरून गेले आणि स्प्रिंगांनी परत उभे केले, तर माल रवाना करावा. ट्रॅक्टर थबकला किंवा त्याचे नाक एका बाजूला वळले, तर स्प्रिंगांचा ताण कमी करून पुन्हा चाचणी घ्यावी.